काचेच्या पेटीतलं धुरकं

यंदा पौषात आठवडाभर सकाळी सूर्य नीट दिसलाच नाही. उगवायचा तो वेळेवर, पण घासायची राहून गेलेली तांब्याची ताटली भिंतीला टेकवून ठेवावी तसा, बिनतेजाचा. त्याच्याकडे सरळ बघता यायचं. रस्त्याकडेला कुणी पाचोळा पेटवलेला, चहाच्या गाड्यांवरची वाफ, आणि त्या सगळ्यावर पसरलेली किंचित तपकिरी, धुरकट हवा. कॉलेजच्या फाटकाशी एक बाई ज्वारीची हिरवी कणसं घेऊन बसल्या होत्या. मी थांबले. एक कणीस हातात घेतलं, दाणा नखानं दाबला. दूध आलं. हुरडा तयार झाला होता.

दरवर्षी होतो. दरवर्षी मी त्याच्याजवळून जाते, कधी घेते, कधी घेत नाही. आणि दरवर्षी हाताच्या बोटांना एकदम बर्फाची आठवण होते. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला हिवाळ्यात बर्फ आठवावा हे विचित्रच आहे. पण माझी बोटं एका हिवाळ्यात रोज सकाळी बर्फानं बधिर व्हायची, आणि तो हिवाळा अजून माझ्यातून गेलेला नाही.

मी फिजिक्स शिकवते. त्याच दिवशी दुसऱ्या तासाला सानिका नावाची विद्यार्थिनी मोबाईल घेऊन पुढे आली. "मॅडम, हे वाचलंत? प्लुटोभोवती धुरकं आहे, आणि त्या धुरक्यानं तिथली हवा गार होते म्हणे. उलटं नाही का वाटत? धुरक्यानं ऊब टिकायला पाहिजे ना?"

मी मोबाईल हातात घेतला. बातमी लहानशी होती. सूर्यापासून इतक्या लांब असलेल्या त्या गोठलेल्या जगाची हवा शास्त्रज्ञांच्या अंदाजाहून बरीच थंड निघाली होती. का, ते काही वर्षं कळेना. मग कुणीतरी म्हणालं, की हे धुरकंच करत असेल. त्यातले बारीक बारीक कण हवेतली उष्णता घेतात आणि बाहेर, अवकाशात फेकून देतात. आता एका मोठ्या दुर्बिणीतून त्या फेकलेल्या उष्णतेची खूण सापडली होती.

"मॅडम?" सानिका म्हणाली.

"बस," मी म्हणाले. "उद्या सांगते."

उद्यापर्यंत थांबण्यासारखं त्यात काही अवघड नव्हतं. पण तिचा प्रश्न मी आधी ऐकलेला होता. वीस वर्षांपूर्वी, याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये.

तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि माझ्या शेजारच्या बाकावर रेणुका बसायची. रेणुका शहराच्या पूर्व भागातली. तिच्या घरात खालच्या खोलीत माग चालायचे आणि वरच्या खोलीत माणसं राहायची. घरात तेलुगू, दारात मराठी. आमच्या घरात दखनी, दारात मराठी. त्यामुळे आम्हा दोघींचं एकमेकींशी बोलणं कायम दारातलंच असायचं, आणि ते दोघींनाही बरं वाटायचं. ती उंच, सावळी, मोठ्यानं बोलणारी. मागांच्या आवाजात वाढलेल्या माणसांना हळू बोलताच येत नाही, असं तीच सांगायची. लायब्ररीत तिला रोज एकदा तरी बाहेर काढत.

प्रोजेक्ट दोघींनी मिळून करायचं होतं. आमचे गाईड, ज्यांना आम्ही नुसतंच सर म्हणायचो, त्यांनी विषय सुचवले ते सगळे जुने, दरवर्षीचे. रेणुका म्हणाली, "सर, टायटन घेऊ की."

टायटन हा शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. त्याच्याभोवती नारिंगी धुरक्याचा इतका जाड थर की वरून जमीन दिसत नाही. एक यान त्याच सुमारास तिथं पोचणार होतं आणि रेणुका पेपरात येणारी प्रत्येक ओळ कापून ठेवत होती. तिनं सरांना समजावून सांगितलं, की ते धुरकं सूर्याची ऊब वरच्यावर अडवतं आणि जमिनीची ऊब मात्र वाटेत न अडवता जाऊ देतं, म्हणून खालची जमीन असायला हवी त्याहून गार राहते. आणि जमीन कुठल्या रंगाची आहे, काळी की उजळ, त्यावरही किती ऊब राहील हे ठरतं. "आपण हे छोट्या पेटीत करून बघू," ती म्हणाली.

सर हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

पेटी म्हणजे मासे पाळायची काचेची टाकी. तळाला पत्र्याच्या तबकात कुटलेला बर्फ, बर्फावर कापड. कापड म्हणजे आमची जमीन. रेणुकानं घरून मागावरचे तुकडे आणले, एक पांढरा, एक काळा, एक विटकरी. वरून एक मोठा दिवा लावला, तो सूर्य. एक थर्मामीटर कापडावर टेकवलेला, दुसरा मधोमध हवेत टांगलेला. आणि धुरकं माझ्याकडचं. आमच्या घरी दर गुरुवारी ऊद जाळतात, तोच मी पुडीत बांधून आणायचे. निखाऱ्यावर तो टाकला की पेटी हळूहळू भरत जायची, आणि काचेपलीकडचं ते कापड दिसेनासं व्हायचं. सगळ्या लॅबला दर्ग्याचा वास यायचा. शेजारच्या केमिस्ट्रीच्या बाई नाकाला पदर लावून डोकवायच्या आणि विचारायच्या, "आज कुणाचा उरूस गं?"

बर्फ आणायला आम्ही सकाळी सातला निघायचो. कारखान्यात बर्फाची लादी मिळायची. ती फोडून, भुशात घोळवून, गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधायची. मी सायकल चालवायची, रेणुका मागून पळत एका हातानं पोतं धरायची. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसायचं नाही. मी घंटी वाजवत राहायचे आणि मागून तिचा मोठा आवाज यायचा, "डावीकडं घे, डावीकडं! टांगा हाय पुढं!" लॅबमध्ये पोचेपर्यंत बोटं लाल होऊन सुन्न पडलेली असायची. आम्ही दोघी दिव्याजवळ हात धरून बसायचो, आपल्याच सूर्याजवळ, आणि बोटांत जीव परत येताना ज्या मुंग्या येतात त्यांनी हसत सुटायचो.

मग दर पाच मिनिटांनी आकडा. मी वाचायचे, ती लिहायची. दिवा चालू, म्हणजे दिवस. दिवा बंद, म्हणजे रात्र. पांढरं कापड, काळं कापड, विटकरी कापड. धुराशिवाय, धुरासकट. काळं कापड तापायचं, पांढरं तापायचं नाही. हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण स्वतःच्या हातानं मोजलं की त्याचं नवल वाटतं. पेटीत धूर सोडला की काळ्या कापडाचा सगळा ताठा उतरायचा, तेही पांढऱ्याच्या जवळ यायचं. एकदा आकडा लिहून झाल्यावर रेणुका काचेला नाक लावून कितीतरी वेळ आत बघत बसली. मी विचारलं, काय बघतीस? म्हणाली, "तिथं उभं राहिलं तर सूर्य दिसणार नाही. पण उजेड असेल बघ. दिवसभर संध्याकाळ असल्यासारखा."

यान उतरलं ते संक्रांतीच्या दिवशी. सोलापुरात त्या दिवशी गड्ड्याची जत्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, सगळं गाव रस्त्यावर. यान उतरल्याचं आम्हाला त्या दिवशी कळलंच नाही. मी रेणुकाच्या घरी होते. तिच्या आईनं तांदळाच्या पिठाच्या, तीळ घातलेल्या कड्या हातानं वळून तळल्या होत्या. सकिनालु म्हणतात त्यांना. माग त्या दिवशी बंद होते आणि घर इतकं शांत होतं की रेणुकाला आपला आवाज किती मोठा आहे ते पहिल्यांदाच ऐकू आलं. ती लाजली. तिला लाजताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

पेपरात फोटो आला तो नंतर. नारिंगी उजेड, सपाट जमीन, आणि तिच्यावर विखुरलेले गोल गुळगुळीत गोटे. ते दगड नव्हते, बर्फाचे होते. तिथं इतकी थंडी की बर्फच दगडाचं काम करतो. रेणुकानं तो फोटो कापून पेटीच्या मागच्या काचेला चिकटवला. आमच्या लॅबचे शिपाई शिवाप्पामामा वळसंगचे. ते रोज एसटीनं यायचे. झाडू हातात धरून ते बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिले.

"ह्यो आमच्या वढ्यातला फोटो कुनी काडला?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या ओढ्यात उन्हाळ्यात असेच गोटे उघडे पडतात म्हणे. आम्ही त्यांना टायटनबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी या दोगी. हुरडा तयार झालाय. वढाबी दावतो."

वळसंगला आम्ही पहिल्या एसटीनं गेलो. शेताच्या बांधावर खड्डा करून मामांनी गोवऱ्या पेटवल्या होत्या, त्यात कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस हातावर चोळून ते आमच्या ओंजळीत हिरवे दाणे टाकत होते, वर शेंगदाण्याची चटणी. तोंड भाजायचं, हात काळे व्हायचे. धुकं अजून उठलेलं नव्हतं. पलीकडे हरभऱ्याच्या वावरात एक धुराची रेघ जमिनीलगत सरकत होती.

"तिकडं काय पेटलंय?" रेणुकानं विचारलं.

"पेटलं न्हाय, म्याच केलाय धूर पहाटं," मामा म्हणाले. "गारठा लई पडला की हरबरा करपतोय. धूर केला की ऊब खालीच ऱ्हाती. आमी करताव दरसाल."

रेणुकानं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे इथं धूर ऊब धरतो. आणि टायटनवर धुरकं गार करतंय."

"तितलं मला न्हाय म्हाईत," मामा म्हणाले. "हितलं सांगतो."

परतीच्या एसटीत ती तिकिटामागं आकडे मांडत होती. टेंभुर्णीला जाणाऱ्या कुणा प्रवाशानं तिला काहीतरी विचारलं तेही तिला ऐकू गेलं नाही. सोलापूर आल्यावर म्हणाली, "आपण दिवा बंद केल्यानंतरचे आकडे नीट बघितलेच नाहीत गं."

ते आकडे आम्ही घेत होतो, पण दिवसाच्या आकड्यांवर आमचा जास्त जीव होता. आता आम्ही रात्र मोजायला लागलो. दिवा बंद करायचा, आणि पेटीतली हवा किती वेगानं गार होते ते बघायचं. धुराशिवाय आणि धुरासकट. मामांच्या हरभऱ्याप्रमाणे धूर असताना हवा सावकाश गार व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही. धूर असताना मधोमध टांगलेल्या थर्मामीटरचा पारा लवकर खाली यायचा. शेवटी दीड अंशाचा फरक राहायचा. काळ्या कापडावर तसंच. पांढऱ्यावर तसंच. विटकरीवर तसंच.

सरांनी आकडे बघितले. "हे चुकलंय," ते म्हणाले. "दिवा नसताना धूर पांघरुणासारखा वागायला पाहिजे. पेटीला फट असेल."

"पण सर, टायटनचं धुरकं जमिनीची ऊब जाऊ देतं," रेणुका म्हणाली.

"जाऊ देतं. स्वतः फेकत नाही. आणि आपला हा ऊद आहे, टायटन नाही. चार दिवसांत जमा करायचंय, लक्षात आहे ना?"

सर वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यावर चौदा प्रोजेक्ट होती आणि त्यातलं एकच बर्फाचं होतं. बाहेर आल्यावर रेणुका म्हणाली, "पुट्टी लावून काचा बंद करू. थर्मामीटर अदलाबदल करू. परत घेऊ सगळे. फट असेल तर दिसेल, नसेल तर मज्जाच हाय की." तिचे डोळे चमकत होते. ती इतकी आनंदात होती की मला तिची भीती वाटली.

माझं वेगळं होतं. अब्बा ट्रक चालवायचे, आठवड्यातून दोन दिवस घरी. माझ्या शिकण्यावरून घरात किती जणांशी त्यांनी वाकडं घेतलं ते मला माहीत होतं. "इस साल पढ लेव बेटा," ते म्हणाले होते, "आगे का मैं नहीं बोलता." वर्ष वेळेवर संपायला हवं होतं आणि पहिला वर्ग हवा होता. आणि मी दमले होते. दोन महिने पहाटे उठून बर्फ आणून माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. हे सगळं मी रेणुकाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी तिला म्हणाले, तू पुट्टी आण, तोवर मी बाकीचं टाईप करायला देते.

टाईप करायला देताना मी नऊ आकडे बदलले. तीन कापडं, प्रत्येकाचे तीन. दीड अंश खाली होते ते दीड अंश वर नेले. दुपारची वेळ होती. टायपिंगच्या दुकानात माझ्यासमोर पंखा फिरत होता आणि कागद उडू नये म्हणून मी त्यावर हात ठेवला होता. एवढं स्पष्ट आठवतं.

दुसऱ्या दिवशी रेणुका पुट्टीचा डबा घेऊन आली. मी तिच्यापुढं टाईप केलेली पानं ठेवली, सहीसाठी. तिनं पहिली दहा-बारा पानं भराभर उलटली. मग थांबली. बोट एका तक्त्यावर ठेवलं.

"हे आकडे आपले नाहीत," ती म्हणाली.

मी म्हणाले, फट होती, सर म्हणालेच की. मी म्हणाले, वेळ नाहीये. मी आणखी बरंच काही म्हणाले. तिनं मान वर केली आणि हळू आवाजात विचारलं, "तू बदललेस?" तिला हळू बोलताना मी ऐकलं ते तेव्हाच. मी पुट्टीच्या डब्याकडं बघितलं. तिनं पेनाचं टोपण लावलं, पेन पिशवीत टाकलं, आणि डबा तिथंच ठेवून निघून गेली.

सरांना तिनं एवढंच सांगितलं, "माझं काम अपुरं आहे, मी पुढच्या वर्षी जमा करते." माझं नाव घेतलं नाही. प्रोजेक्ट माझ्या एकटीच्या नावावर गेलं. मला पहिला वर्ग मिळाला. जूनमध्ये मी याच कॉलेजात तासांवर शिकवायला लागले. पुढच्या हिवाळ्यापर्यंत पूर्व भागातले बरेच माग थंडावले होते. रेणुकाच्या घरचे उठून सुरतला गेले, तीही गेली. तिचं पुढचं वर्ष आलंच नाही.

या वीस वर्षांत मी तिला फोन केला नाही. तिचे चुलतभाऊ अजून इथंच आहेत, चादरींचं दुकान चालवतात. मी त्या रस्त्यानं जाताना पलीकडच्या बाजूनं जाते. शिवाप्पामामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ती मोट्या आवाजाची पोरगी कुटं असती आता?" मी म्हणाले, सुरतला. पुढं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लोक म्हणतात तरुणपण आठवतं म्हणून जीव हुरहुरतो. माझं तसं नाही. मला तरुणपण नको आहे. मला धुक्यात सायकलच्या मागून येणारा तो एक आवाज हवा आहे. डावीकडं घे म्हणणारा. तो गेला आणि मग मला कुणी काही ओरडून सांगेनासं झालं. सगळे मॅडम म्हणतात.

सानिकाला मी उद्या सांगते म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी आधी टायटन काढला, मग प्लुटो. प्लुटोवर नायट्रोजनच्या बर्फाचं एक मोठं उजळ मैदान आहे. दिवसा ऊन पडलं की त्यातला थोडा बर्फ वाफ होऊन वर जातो, रात्री परत गोठून बसतो, आणि या जाण्यायेण्यावर तिथले वारे चालतात. वर निळसर धुरक्याचे थर. ते कण ऊब धरून ठेवत नाहीत, फेकतात, म्हणून हवा गार. मुलं लिहून घेत होती. मग मी खडू ठेवला आणि त्यांना पेटीची गोष्ट सांगितली. बर्फ, ऊद, तीन कापडं, रेणुका. आणि नऊ आकडे. ते मी बदलले, हेही सांगितलं.

एक मुलगा वहीकडं बघत राहिला.

"म्हणजे तुमचे खरे आकडे बरोबर होते?" सानिकानं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "बहुतेक पेटीला फटच असेल. एवढ्याशा टाकीत प्लुटो होत नाही. पण आम्ही परत बघितलं असतं तर कळलं असतं. मी ते बघू दिलं नाही."

"आणि तुमच्या मैत्रिणीचं काय झालं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला ते माहीतच नाही. सुरत हे काही उत्तर नव्हतं.

तास संपल्यावर मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले आणि त्यांनाही तेच सांगितलं, लेखी द्यायची तयारी दाखवली. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गोंधळून गेले. म्हणाले, मॅडम, इतक्या जुन्या गोष्टीचं काय करायचं ते मला विचारावं लागेल. मी म्हणाले, विचारा. तिथून निघून मी सरळ चादरीच्या दुकानात गेले. या वेळी दुकानाच्याच बाजूनं. रेणुकाच्या चुलतभावानं मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर ओळखलं. नंबर लिहून देताना एवढंच म्हणाला, "दुपारी करा. कामावर असते, पण उचलते."

दुपारीच केला. मागं यंत्रांचा खडखडाट होता.

"हॅलो! कोण?" आवाज तोच. जरा जड झालेला.

"रेणुका, मी शहनाज. सोलापूरची."

खडखडाट तसाच चालू राहिला. मग ती म्हणाली, "थांब, बाहेर येते." दाराचा आवाज आला आणि खडखडाट लांब गेला. "बोल."

मी वाक्यं ठरवून ठेवली होती. ती तशीच म्हटली. ते नऊ आकडे मी बदललते, तुला न विचारता, आणि सगळं माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. आणि आता प्लुटोवर असं निघालंय, म्हणजे तू बरोबर होतीस.

"मी बरोबर होते कशावरून?" ती म्हणाली. "फट असेल की. आपण परत बघितलंच कुठं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आकड्यांचा मला तेवढा राग नव्हता," ती म्हणाली. "तू दमलतीस, मला दिसत होतं. रेणुका, माझ्यानं आता होत नाही, असं म्हणाली असतीस तर मी एकटीनं केलं असतं की चार दिवस. तू सांगितलंच नाहीस. टाईप करून आणून दाखवलंस."

"माफ कर."

"बघू," ती म्हणाली. तिनं लगेच माफ केलं नाही याचं मला बरं वाटलं. खोटं बोलली असती तर कळलं असतं.

मग तिनं सांगितलं, ती आता एका कापडाच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर उजेडावर तागे उलगडायचे आणि दोष शोधायचे. मुलगी बारावीला आहे. नायना, म्हणजे तिचे वडील, गेले, आई आहे. मीही सांगितलं, अब्बा गेले. मला वाटलं आता ती फोन ठेवेल.

"प्लुटोचं काय म्हणत होतीस?" तिनं विचारलं.

मी सांगायला लागले. सुरुवातीला वर्गात सांगते तसं, मग तसं राहिलं नाही. धुरक्याचे थर, उजळ मैदान, त्याच्या कडेच्या तांबड्या-काळ्या जागा. ती मधे मधे अडवत होती. "हळू सांग. नायट्रोजन म्हणजे आपण श्वास घेतो त्यातलाच ना? तो गोठून जमिनीवर पडलाय? बरं. पुढं." किती वर्षांनी कुणीतरी मला अडवत होतं.

"ते धुरक्याचे कण खाली पडत असतील की," ती म्हणाली.

"पडतात. त्या काळ्या जागा त्यांच्यामुळंच काळ्या झाल्या असाव्यात."

"मग काळी जमीन तापणार. शेजारचा बर्फ उडणार. हवा वाढणार, तिच्यात धुरकं वाढणार, आणि धुरकं हवेला गार करणार. परत खाली पडणार, जमीन आणखी काळी करणार." तिनं श्वास घेतला. "मग शेवटी ते जग गार होत जातं का गरम?"

मी विचार केला. एका बाजूनं गेले, अडले. दुसऱ्या बाजूनं गेले, अडले.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग वाचून सांग की!" ती त्या जुन्या आवाजात म्हणाली, इतक्या मोठ्यानं की मी फोन कानापासून लांब धरला. "रविवारी मशीन बंद असतंय. दुपारी तीनला कर." आणि तिनं ठेवला.

तो आठवडा मी लायब्ररीत बसले. सानिकाला हाताशी घेतलं, तिला मिळतील ते लेख शोधायला लावले. काही समजलं, काही नाही. एक गोष्ट कळली, की तिथं काळ्या जागा काळ्याच होत जातात, कारण तापल्यामुळं त्यांच्यावर बर्फ बसत नाही. आणि उजळ जागा उजळ राहतात, कारण थंड असल्यामुळं बर्फ पुन्हा पुन्हा तिथंच येऊन बसतो. ते जग एकसारखं गारही होत नाही, एकसारखं गरमही. जागेजागेला वेगळं वागतं. आणि तिथलं एक वर्ष आपल्या जवळजवळ अडीचशे वर्षांचं, त्यामुळं पूर्ण एक हिवाळा अजून कुणी बघितलेलाच नाही. तिच्या प्रश्नाचं हे अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं कुठल्या लेखात नव्हतं, किंवा असेल तर मला सापडलं नाही.

रविवारी दुपारी ऊन स्वच्छ होतं. तीनला पाच मिनिटं कमी असताना मी कागद पुढं घेऊन बसले. उरलेल्या अर्ध्याचं काय सांगायचं ते ठरवत होते. मग ठरवायचं सोडून दिलं, माहीत नाही तिथं माहीत नाही म्हणायचं, आणि नंबर लावला.

पहिली घंटी पुरती वाजलीही नव्हती. तिनं उचलला.